थॉमसनच्या वेलीला शरद लागत नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गंगापूर रोडला दोन खोल्यांचा छोटा स्टुडिओ आहे माझा, फक्त बायकांच्या बॅचेस घेते, आणि त्यातल्या बऱ्याच जणी डॉक्टरांनी पाठवलेल्या असतात, कोणाची कंबर, कोणाची शुगर, कोणाची पीसीओडी. मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. निफाडचा पारा खाली गेला की इकडे नाशकातही सकाळची सव्वासहाची बॅच अर्धी रिकामी असते, त्यामुळे कोणी चार दिवस आलं नाही तर मी मागे लागत नाही. पण या एकीचा खाडा कधी पडायचाच नाही आणि ती नऊ दिवस आली नव्हती, फोनही उचलत नव्हती, म्हणून जरा काळजीत होते.

तिचं नाव सांगत नाही. राहते इंदिरानगरला, नवरा अंबडला कंपनीत, सासर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. एक मुलगी आहे पाच वर्षांची. दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता पण पाळी दोन-दोन अडीच-अडीच महिने लांबायची, म्हणून तिच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये माझ्याकडे पाठवलेलं. पहिल्या दिवशी पाच स्क्वॉट्सला दमली होती. नंतर इतकी रुळली की रविवारी सुट्टी असली तरी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एकटी जाऊन फास्ट चालून यायची आणि मला मेसेज टाकायची. सहा किलो वजन उतरलं, आणि सलग तीन महिने पाळी वेळेवर आली तेव्हा भर बॅचमध्ये येऊन तिने मला मिठी मारली होती. माझ्यासाठी तो फार आनंदाचा दिवस होता, खरंच.

तर त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला, बॅच संपून मी मॅट पुसत होते, तेव्हा ती आली. सोबत सासूबाई आणि नवरा. पायात बूट नव्हते, चपला होत्या, तेव्हाच कळलं की ही व्यायामाला आलेली नाही.

सासूबाईंनी बसल्या बसल्या विषय काढला. म्हणाल्या, म्याडम तुमचं उपकार हायेत, पोरीची तब्येत सुधारली, पन आता हे पळनं नि वजनं बंद करा, नाहीतर असा काही व्यायाम सांगा की यंदा पोरगा होईल. मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग नवऱ्याने मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस अगदी डॉक्टरासारखा कोट घालून सांगत होता की व्यायामाने कॅलरी जळतात, बाईच्या अंगात कॅलरी कमी पडल्या की मुलगीच राहते, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय. वर नवऱ्याच्या कंपनीतला कोणी मित्र त्याला सांगत होता की पुरुषाने जड वजनं मारली की मुलगा होतो. म्हणजे तिने बंद करायचं आणि याने सुरू करायचं. आणि ही बिचारी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली, पाच महिन्यांची मेहनत तिने केली होती आणि निर्णय मात्र बाकी दोघांचा चालला होता. मला प्रचंड राग आला. पण रागावले असते तर ती परत आली नसती एवढं मला अनुभवाने कळतं.

राग यायला अजून एक कारण होतं. पूर्वी मी एका जिममध्ये नोकरी करायचे, तिथे मालकाने गर्भधारणेआधीच्या व्यायामाचं पॅकेज काढलं आणि फ्लेक्सवर गुटगुटीत मुलाचा फोटो टाकून खाली असं काही लिहिलं की वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजावं. मी त्यांना सांगितलं की गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या 1994 च्या कायद्यात 2003 साली गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडसुद्धा आणलेली आहे आणि तिची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, मग उपाय शास्त्रीय म्हणून सांगा नाहीतर अजून काही म्हणून सांगा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला पण मी पुढे तिथे रमले नाही. आपल्या महाराष्ट्राने तर 1988 मध्येच, देशात सगळ्यात आधी, गर्भलिंग तपासणीवर कायदा केला होता, आणि तरी 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या त्या 2011 ला 894 झाल्या. त्यामुळे कोणी या विषयाला घरगुती बाब म्हटलं की मला ते पटत नाही.

असो. मी चहा सांगितला आणि नवऱ्याला म्हटलं, दादा, तो ब्रिटनवाला अभ्यास मला माहितीये, तो खोटा नाही, पण तो व्यायामावर नव्हताच. 2008 साली आलेला अभ्यास, 740 बायकांना गरोदरपणाच्या आधी त्या काय खायच्या ते विचारलं होतं. जास्त कॅलरी खाणाऱ्या गटात 56 टक्के मुलगे झाले आणि सगळ्यात कमी खाणाऱ्या गटात 45 टक्के. पेपरात मोठमोठ्या बातम्या आल्या. पुढच्याच वर्षी आकडेशास्त्रवाल्यांनी दाखवून दिलं की शंभराहून जास्त खाण्याचे पदार्थ एकेक करून तपासले तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने मुलग्यांशी जुळल्यासारखा दिसणारच. आणि समजा तो आकडा खरा धरला, तरी नीट बघा, सगळ्यात कमी खाणाऱ्या गटातही शंभरात 45 मुलगेच झाले की. एरवीही कोणी काहीही न करता जगभर 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात, म्हणजे शंभरात 51. व्हिडिओवाल्याने यातून व्यायाम करणाऱ्या बाईला मुलगीच होते इथपर्यंत उडी मारली, मधल्या पायऱ्या कुठेच नाहीत.

या कल्पनेचं मूळ पण जुनं आहे, 1973 मध्ये ट्रिव्हर्स आणि विलार्ड या दोघांनी मांडलं होतं की आईची तब्येत भरभक्कम असेल तर निसर्ग नराकडे थोडा झुकत असावा. प्राण्यांमध्ये कुठे जुळतं कुठे नाही. माणसांत त्यावरून एका घरात काय होणार हे कोणी सांगू शकत नाही. दिवस मोजून मुलगा होतो म्हणतात ना, तेही 1995 साली 221 बायकांवर तपासून झालं, कुठल्या दिवशी संबंध आला त्याचा आणि मुलगा-मुलगीचा काही संबंध निघाला नाही.

नवरा ऐकत होता, मान हलवत होता. सासूबाईंना आकड्यांनी काही फरक पडला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांना ब्रिटनशी काय करायचंय. त्या म्हणाल्या, म्याडम, आपन घडाला जीए देतो का नाही, डिपिंग करतो, मनी कसा फुगतो, मग बाईला काही केलं तर का फरक पडनार नाही?

जीए म्हणजे मणी फुगवायचं संप्रेरक, त्याच्या पाण्यात द्राक्षाचे घड बुडवतात. मी दोन सेकंद गप्पच झाले, कारण प्रश्न खरंच चांगला होता. आणि मग मला तिथेच उत्तर सापडलं. म्हटलं, मावशी, बाग कुठल्या जातीची तुमची? म्हणाल्या थॉमसन, म्हणजे हिरवी द्राक्षं. मग जीए दिलं तर थॉमसनला शरद जातीचे काळे मणी लागतात का?

त्या हसल्या. म्हणे, आवो कसं लागतील, मनी मोठा व्हतो, लांब व्हतो, व्हरायटी कशी बदलंल.

व्हरायटी कधी ठरते मग?

त्यांनी लगेच सांगितलं, डॉगरीजच्या खुंटावर डोळा कोनचा भरला त्यावर. म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर कलम कुठल्या जातीचं केलं त्यावर. आणि हे बोलून स्वतःच थांबल्या.

मग मी व्हाईटबोर्डवर काढून दाखवलं. बाईच्या बीजात कायम एक्स गुणसूत्रच असतं, दुसरं काही असूच शकत नाही. पुरुषाच्या बीजात निम्मे एक्स, निम्मे वाय. एक्सवालं पोचलं की मुलगी, वायवालं पोचलं की मुलगा, आणि ते त्या एका क्षणात ठरून जातं. तिने आधी पाच महिने धाव घेतली की झोपून राहिली याने तिच्या बीजात वाय येणार आहे का? हे माणसाला कळलं 1905 मध्ये, नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी पिठातल्या किड्यांवर अभ्यास केला, मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं होती आणि नराच्या पेशीत 19 मोठी नि एक बारकं. पिठातल्या किड्यांवर, हे ऐकून सासूबाईंना फार नवल वाटलं, दोनदा विचारलं. द्राक्षाचं उदाहरण तंतोतंत लागू नाही हे मी तिथेच सांगितलं, कारण बाळाला निम्मं आईकडून येतं, आई काही नुसता खुंट नसते. आणि डोळा आपण निवडून भरतो, इथे निवड कोणाच्याच हातात नाही, त्यामुळे आता सुनेवरचं खापर काढून पोरावर फोडू नका. त्याने कितीही वजनं मारली तरी निम्मे निम्मेच राहणार.

खोलीत जरा शांतता झाली. मग मी सहजच विचारलं, मावशी तुम्हाला किती मुलं? म्हणाल्या तीन पोरी आन मग हा. मी विचारलं, तिन्ही पोरींच्या वेळेला काय काम करायचात? त्या सांगायला लागल्या, तव्हा बाग नव्हती, कांदा नि गहू, पहाटं उठून पानी, दळन, निंदनी, डोक्यावर गवताचा भारा, पोटात पोर असताना शेवटच्या म्हयन्यापर्यंत. आणि या दादांच्या वेळी? त्या मुलाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, तेच की. काम तेच व्हतं सगळं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहिती नव्हतं. तिसऱ्या मुलीनंतर त्यांच्या सासूने त्यांना कोणाकडून तरी आणलेलं औषध सव्वा महिना पाजलं होतं, काय होतं देव जाणे, अंगावर पुरळ यायचं, उलट्या व्हायच्या, आणि शेतातलं काम चालूच. आणि पोरगा झाला तेव्हा सगळ्या गावाने म्हटलं औषध लागू पडलं. मी विचारलं, तेच औषध अजून कोणी घेतलं होतं का? म्हणे, माझ्या जावंनं. तिला दोन्ही पोरीच. हे सांगताना त्या सुनेकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. सून रडायला लागली. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला फक्त.

त्या एका क्षणात सगळं बदललं असं म्हणणार नाही. जाताजाता सासूबाई म्हणाल्याच की तरी बी पोरगा झाला तर बरंच, मनाला वाटतं ते वाटतं. मीही त्यावर वाद घातला नाही. चाळीस वर्षांचं ओझं एका चहात उतरत नाही आणि मला त्यांची सून व्यायामाला परत हवी होती.

तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, मॅडम मग मी काय करू, वजनं मारू का नको? मला तो प्रश्न फार आवडला कारण दुसऱ्या बाळाच्या तयारीत नवऱ्याने स्वतःबद्दल विचारणं मी क्वचितच ऐकते. म्हटलं मारा, पण तब्येतीसाठी. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज जे खाल प्याल त्याचा हिशोब अडीच महिन्यांनी लागतो, तर आधी ती खिशातली तंबाखूची पुडी सोडा. त्याने आईसमोर पुडीचा उल्लेख झाला म्हणून मान खाली घातली, पण पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

तिला मी समोर बसवून परत सगळं सांगितलं, कारण नऊ दिवस ती स्वतःला दोष देत बसली होती. आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, बस. याने बीज वेळेवर सुटायला मदत होते, पुढे गरोदरपणातली शुगर होण्याचा धोका कमी होतो, बाळंतपणाची ताकद राहते. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी चुकवायची नाही, बाळाच्या मणक्यासाठी ती दिवस राहायच्या आधीपासून लागते. आणि उलट बाजूनेही सांगितलं, की उपाशी राहून दोन दोन तास पळायचं नाही, अंगात पुरेसं इंधन नसलं तर पाळीच बंद पडते, मग मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. व्हिडिओमध्ये कॅलरीचं जे अर्धवट सांगितलं होतं त्यातलं खरं एवढंच आहे.

ते उठले. सासूबाईंना मात्र खुर्चीतून उठायला दोन्ही हात गुडघ्यावर ठेवावे लागले आणि मी लगेच विचारलं, केव्हापासून? म्हणे पाच वर्षं, बागेत वाकून वाकून. मी त्यांना परत बसवलं, हात छातीवर धरायला लावले आणि खुर्चीतून उठा, बसा, सावकाश, श्वास सोडत उठा असं दाखवलं. चौथ्याला त्यांनी सुनेचा खांदा धरला. सून मोठ्याने मोजायला लागली, पाच, सहा, सात. आठला थांबल्या, पदराने कपाळ पुसलं.

"म्याडम, हे घडाच्या विरळनीला जायच्या आधी करायचं का आल्यावर?"