उणे अंशांतली विजेची गाडी आणि निफाडची गोधडी : माझा अनुभव

ओस्लोजवळच्या ल्योरेन्स्कोग येथे राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही चार वर्षे वापरलेली विजेवरची गाडी विकत घेतली. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी ८८.९ टक्के गाड्या संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. त्यामुळे अशी गाडी हिवाळ्यात चालते का, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. ती चालवावी कशी आणि तिच्यात बसलेल्या माणसांना ऊब कशी द्यावी, हे मात्र मला स्वतःला शिकावे लागले. त्यासाठी मला दोन हिवाळे लागले.

आमच्या गाडीच्या बॅटरीत साधारण ६० युनिट वीज वापरता येते. उन्हाळ्यात गाडीला १०० किलोमीटरला १६ युनिट पुरत असत. पहिल्याच डिसेंबरात, पारा उणे १२ अंशांवर असताना, शाळा आणि कार्यालय अशा १४ किलोमीटरच्या रोजच्या फेरीत हाच आकडा ३० वर गेला. बॅटरी बिघडली असावी, असे वाटून मी सेवा केंद्रात गेले. तेथील माणसाने ‘हिवाळ्यात असेच होते’ एवढे सांगून माझी बोळवण केली. ते खोटे नव्हते, पण त्यातून मला काहीच कळले नाही. खरे उत्तर गाडीच्याच पडद्यावर होते. चालण्यासाठी किती वीज गेली आणि हवा तापवण्यासाठी किती गेली, हे ती वेगवेगळे दाखवते, आणि आमच्या सकाळच्या फेरीतली जवळजवळ एकतृतीयांश वीज केवळ हवा तापवण्यात खर्च होत होती.

पेट्रोलच्या गाडीत हा हिशेब कधी करावा लागत नाही, कारण इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिनात उष्णता होऊन वायाच जातो आणि त्यातलीच थोडी उष्णता आत सोडली की काम भागते. विजेच्या मोटारीतून अशी वाया जाणारी उष्णता फारच थोडी निघते, म्हणून ऊब वेगळी निर्माण करावी लागते. आमच्या गाडीत ती बादलीत पाणी तापवायच्या रॉडसारख्या हीटरने निर्माण होते, म्हणजे १ युनिट वीज घातली की १ युनिटच उष्णता मिळते. ज्या गाड्यांत उष्णता-पंप असतो, त्या फ्रीजच्या तत्त्वाने बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतात आणि बेताच्या थंडीत तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट ऊब देतात. कडाक्याच्या थंडीत मात्र त्यांचाही लाभ घटतो. जुनी गाडी घेताना ही चौकशी आम्ही केली नाही, याची मला आजही रुखरुख आहे. थंड प्रदेशात गाडी घेणाऱ्याने रंग आणि चाके पाहण्याच्या आधी हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

त्या हिवाळ्यात मी एक चूक केली आणि ती धोक्याची होती. स्कीच्या मैदानावरून परतताना बॅटरी १५ टक्क्यांवर आली, म्हणून मी हीटर पूर्णपणे बंद केला. मुलांच्या बुटांना लागलेला बर्फ आत वितळलेला होता आणि चौघांच्या श्वासाचा ओलावाही होताच, त्यामुळे पाच मिनिटांत समोरची काच आतून धुरकट झाली आणि नंतर तिच्यावर हिमकणांचा थर धरू लागला. रस्ता दिसेनासा झाल्यावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली आणि मुलगा थंडीने रडू लागला. हीटर बंद करणे हा काटकसरीचा मार्ग नाही, हे त्या रात्री पक्के झाले. काचेवर थोडी कोरडी, उबदार हवा सतत लागतेच. आता बसण्यापूर्वी प्रत्येक जण दारात बसून बूट एकमेकांवर आपटून झाडतो, पायांखाली उंच काठांचे रबरी गालिचे असतात, आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण मी थोडा वेळच वापरते, कारण त्याने उष्णता वाचली तरी ओलावाही आतच कोंडला जातो.

दुसऱ्या हिवाळ्यात मी वहीत नोंदी ठेवू लागले. पहिला बदल होता तो निघण्यापूर्वी गाडी भिंतीच्या विजेवर तापवण्याचा. रात्रीचे चार्जिंग सकाळी निघण्याच्या वेळेला जेमतेम संपेल असे लावले, म्हणजे त्या कामाने बॅटरीही कोमट राहते, आणि निघण्याच्या वीस मिनिटे आधी आतली हवा तापू लागेल, अशी वेळ ठरवून दिली. सुरुवातीला याचा फारसा उपयोग होत नव्हता. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की आम्ही घरातल्या साध्या सॉकेटला गाडी जोडत होतो. २३० व्होल्ट आणि १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, आणि थंड गाडीचा हीटर आरंभी ५ किलोवॉट मागतो. उरलेली वीज तो गुपचूप बॅटरीतूनच घेत होता. भिंतीवर ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवल्यावर हे थांबले. यात विजेचे बिल कमी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण तेवढी वीज घरातून जातेच. वाचते ती बॅटरीतली, म्हणजेच प्रवासाला लागणारी. शिवाय गाडी आधीच तापलेली असल्याने काच खरवडण्याचे काम उरत नाही. त्यामुळे लवकर उठावे लागत नाही, ही सोय मला किलोमीटरांइतकीच मोलाची वाटते.

दुसरा बदल खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नॉर्वेजियन आजोबांमुळे झाला. मी जाड कोट घालून गाडी चालवते, हे पाहून त्यांनी मला थांबवले आणि सांगितले की अंगालगत लोकरीचा पातळ थर घालावा आणि कोट मागच्या बाकावर हाताशी ठेवावा. मुलांच्या बाबतीत तर त्यांनी आग्रहच धरला, कारण फुगीर कोटावरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण अपघातात कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. मुलांना कोटाविना पट्ट्यात बसवून वरून पांघरूण घालावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच जानेवारीत आई निफाडहून आली आणि तिने आणलेली आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी या कामाला लागली.

थंडी आईला नवी नव्हती. निफाडला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि तिथे कोणी अख्खे घर तापवत बसत नाही. माणसे गोधडी गुंडाळून शेकोटीजवळ बसतात. पहिल्या दिवशी गाडीतला २३ अंशांचा आकडा पाहून ती म्हणाली, “अगं, एवढ्या हवेला कशाला तापवतेस? माणसांना ऊब दे की.” माझ्या नोंदींतूनही हेच निघत होते. तापवलेल्या आसनाला ५० ते १०० वॉट पुरतात, सुकाणूच्या चाकाला त्याहूनही कमी, आणि हवा मात्र थंडीनुसार दीड ते तीन किलोवॉट खाते. आम्ही हवेचे तापमान १८ अंशांवर आणले, झोत पाय आणि काच यांच्याकडे वळवला आणि पुढची दोन्ही आसने गरम ठेवली. मागच्या बाकाला ती सोय नाही, म्हणून आईने रबराच्या पिशवीत घरचे गरम पाणी भरून घ्यायला सुरुवात केली. दोन नातवंडांच्या मध्ये गोधडीखाली ठेवलेली ती पिशवी दोन तास तरी ऊब धरते. रोजच्या फेरीचा आकडा ३० वरून २२ वर आला.

यापुढे जे उमगले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हीटर तासाच्या हिशेबाने वीज घेतो, किलोमीटरच्या नव्हे. २ किलोवॉटचा हीटर चालू ठेवून गर्दीत ताशी ३० किलोमीटर वेगाने गेलो, तर १०० किलोमीटरला ६.७ युनिट केवळ उबेवर जातात. तोच हीटर ताशी ९० वेगाला २.२ युनिट घेतो. म्हणून शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ऊब जपून वापरण्याला फार अर्थ आहे. महामार्गावर मात्र हीटर कमी करून कुडकुडण्यापेक्षा वेग ११० वरून ९५ वर आणणे अधिक फलदायी ठरते. उणे २० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के अधिक दाट असते आणि गाडीला ती भेदत जावे लागते, म्हणून वेगाची किंमत हिवाळ्यात आणखी वाढते. टायरमधला दाबही दर दहा अंशांना साधारण ०.१ बारने उतरतो, तो मी दर पंधरवड्याला तपासते.

या सगळ्याची कसोटी फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुटीत लागली. मित्राच्या कुटुंबाकडे ट्रॉन्डहाइमला जायचे होते. ई-६ महामार्गाने ते अंतर जवळजवळ ५०० किलोमीटर आहे आणि वाटेत डोव्रेफ्येलचे पठार ओलांडावे लागते, जिथे रस्ता १,००० मीटरच्या वर चढतो. भरलेल्या बॅटरीने आणि तापलेल्या गाडीने आम्ही सकाळी निघालो आणि लिलेहामरला २७ टक्क्यांवर पोहोचलो. गाडीच्या नकाशात चार्जरचे ठिकाण आधीच घातले होते, त्यामुळे तिने वाटेतच बॅटरी तापवून ठेवली होती. असे न केल्यास थंड बॅटरी वेगवान चार्जरवरही रांगत भरते. चार्जिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांत मी हवेचे तापमान मुद्दाम २३ वर नेते, कारण तेव्हा हीटरची वीज चार्जरकडून येते आणि तापलेली आसने व आतला भाग पुढचे काही किलोमीटर साथ देतात.

गुडब्रान्सडालच्या खोऱ्यात पारा उणे २४ वर गेला. डोम्बोसला पोहोचलो तेव्हा पुढे वादळामुळे ‘कोलोनेशोरिंग’ असल्याची सूचना लागली होती. याचा अर्थ असा की अडथळ्यापाशी गाड्या थांबवून ठेवतात आणि बर्फ हटवणाऱ्या वाहनाच्या मागे त्यांना रांगेने पठार पार करवतात. अशा वेळी इंधन किंवा वीज भरपूर असावी, उबदार कपडे, फावडे आणि विजेरी सोबत असावी, अशी रस्ते प्रशासनाची सूचना असते. म्हणून घाई न करता डोम्बोसला आम्ही बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत भरली, आणि आईने पेट्रोलपंपाच्या उपाहारगृहातून पिशवीत पुन्हा गरम पाणी भरून आणले.

अडथळ्यापाशी आम्ही ७५ टक्क्यांवर उभे राहिलो आणि अडीच तास तिथेच होतो. वाऱ्याने गाडी हलत होती आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे मधूनमधून दिसेनासे होत होते. मी तापमान १७ वर ठेवले, मागे दोन्ही मुले आजीला बिलगून गोधडीत होती, आणि दर अर्ध्या तासाने माझा नवरा खाली उतरून काचेच्या तळाशी, जिथून हवा आत येते, तिथला बर्फ झाडून येत होता. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या गाडीत इंजिन चालू ठेवून बर्फात अडकल्यास धुराचा नळ बुजून विषारी वायू आत शिरण्याची भीती असते. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, म्हणून मुले झोपली तेव्हा मीही थोडा वेळ निर्धास्त डोळे मिटू शकले. रांग हलली तेव्हा पडद्यावर ६९ टक्के होते. अडीच तासांच्या उबेला साडेतीन युनिट लागले होते.

आईने चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला आणि हिशेब केला की याच दराने आम्ही पुढचे पूर्ण दिवसभरही तिथे बसू शकलो असतो. ऑपडालला एकदा थोडी वीज भरून रात्री साडेनऊला आम्ही ट्रॉन्डहाइमला पोहोचलो. मित्राने अंगणातला, पूर्वी इंजिन गरम ठेवण्यासाठी वापरला जाणारा सॉकेट मोकळा ठेवला होता. मी गाडी त्याला जोडली, सकाळी आठची वेळ लावली आणि तो १० अँपिअरचाच असल्याने तापवणे या खेपेला तासभर आधी, कमी तापमानावर सुरू होईल असे ठरवून आत गेले.