तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचा फोटो दालनात लावला की झालं का?

कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या कलादालनातून बाहेर पडताना कुणीतरी हमखास विचारतं, "जुने फोटो, पत्र्याची ट्रंक, कपबशी... हे आमच्या माळ्यावरपण पडलंय. यात कला कुठं आली? आणि समाजातली ओळख वगैरे कुठनं आली?" प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा उत्तरही 'कुठंच नाही' असंच असतं.

ओळखीची वस्तू हे आमिष. "अगं, हे तर आजीकडं होतं" म्हणत माणूस जवळ येतो. जवळ आल्यावर काहीच खटकलं नाही, तर ते नुसतं आठवणींचं दुकान. कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ मध्ये केलेली छायाचित्रं बघा. एकात त्या स्वतः रविवर्म्याच्या चांदण्यातल्या स्त्रीसारख्या बसल्यात, मागं रंगवलेला पडदा. त्याच मालिकेत दुसरीकडं, इंग्रजांच्या काळात माणसं मोजायला फोटो काढत तशा चौकटींच्या पडद्यासमोर त्या उभ्या आहेत. एकाच बाईला दोन्ही साच्यांत बसवलेलं बघितलं की भिंतीवरच्या तसबिरीतला साचाही दिसायला लागतो.

कोल्हापुरात सगळ्यात जास्त वापरला जातो तो जुना स्टुडिओ फोटो. मागं खांब आणि झालर, शेजारी स्टुलावर फुलदाणी, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा ठेवलेला हात. तो लाकडावर उतरवायची पद्धत सोपी, पण चुका ठरलेल्या. प्लायला पांढऱ्या अॅक्रिलिकचे दोन हात द्या. फोटो उलटा करून साध्या कागदावर लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई पाण्यानं पसरते. उलटा करायचं विसरलात तर पडद्यावरचं स्टुडिओचं नाव आरशातलं दिसणार. प्लायवर जेल मीडियमचा (अॅक्रिलिकमध्ये वापरायचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा घट्ट लगदा) सारखा थर द्या, प्रिंट पालथी चिकटवा आणि जुन्या एटीएम कार्डानं मधून कडेकडे हवा काढा. २४ तास सुकू द्या. जुलैत इथं दोन दिवसही लागतात. मग ओल्या स्पंजानं भिजवून कागद बोटांनी गोल गोल चोळत काढा. वाळल्यावर पांढरट साय दिसते ती उरलेल्या कागदाची, म्हणून पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. घाई केली की चेहराच निघून येतो. तो 'मुद्दाम पुसलाय' असं नंतर सांगू नये, बघणाऱ्याला कळतं.

आता खरा निर्णय: बदलायचं काय? एकच गोष्ट. पाच बदलल्या की कोडं होतं.

कपबशीचं घ्या. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज चहा घ्यायचे, ही गोष्ट इथं लहान पोरालाही पाठ आहे. म्हणून दालनात कपबशी मांडली की लोक अभिमानानं मान डोलावतात आणि पुढं जातात. तो अभिमानच प्रश्न गिळून टाकतो. तीच कपबशी दालनाच्या दाराबाहेर, चपला काढायच्या जागेवर खिळ्याला टांगा. मग कुणाचा कप बाहेर असायचा, हे सांगायला पाटी लागत नाही.

घरातल्या तसबिरींच्या रांगेचंही तेच. पणजोबा, आजोबा, चंदनाचे हार, आणि मधे एक रिकामी जागा. ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. वर्षानुवर्षं लागलेला फोटो काढला की भिंतीवर त्याच्या मापाचा गडद चौकोन राहतो, कारण तेवढ्याच रंगाला ऊन लागलेलं नसतं. चित्रकार तो चौकोन मन लावून रंगवतात, दिसतोही छान. पण चौकोन म्हणजे 'फोटो होता, हरवला'. ज्या घरात पणजोबांना स्टुडिओची पायरीच चढता आली नाही, तिथं हरवायला काही नव्हतंच. तिथं रंग सारखाच उडालेला दाखवायचा, खिळ्याचं भोकसुद्धा नाही. फक्त दोन्ही बाजूंच्या तसबिरींमधलं अंतर एका फोटोएवढं जास्त ठेवायचं. पहिल्या फेरीत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि रांग वाकडी लागलीय असं समजून एखादा ती सरळ करायलाही जातो.