काऊगेटची रात्र, स्टॉकब्रिजची दुपार

एडिंबरा, शनिवार

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. भाड्याने घेतलेली खोली काऊगेट या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना उंच दगडी इमारती, डोक्यावरून गेलेले पूल आणि तळाशी क्लब आणि पब. खाली कुणी नुसतं हसलं तरी ते भिंती चढून खिडकीशी येतं. क्लब पहाटे तीनला बंद झाले, मग घोळके रस्त्यातच गप्पा मारत उभे राहिले. ते पांगले तोवर पहाटेची गाडी गाठणाऱ्यांच्या बॅगांची चाकं दगडी फरशीवर खडखडायला लागली. नंतर रिकाम्या बाटल्या न्यायला गाडी आली. पिंपभर काच एकदम ओतल्याचा तो आवाज अजून कानात आहे.

रात्री खोलीच्या मालकांना निरोप पाठवला, तर उत्तर आलं, कपाटात इअरप्लग ठेवलेत. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मग जाहिरातीत तसं लिहायला काय हरकत होती? धाकटी बहीण सांगलीहून इतक्या लांब आली आहे. तिची झोपमोड झाली याचाच मला जास्त राग आला.

सकाळी रॉयल माईल या पर्यटकांच्या रस्त्यावर दुकानोदुकानी त्याच चौकड्यांच्या शाली आणि तेच फ्रिजवर लावायचे चुंबक. तिला म्हटलं, चल, या गावातली माणसं काय वापरतात ते बघू. न्यू टाउनचा उतार उतरून स्टॉकब्रिजला गेलो. तिथे रेबर्न प्लेसवर थोड्या थोड्या अंतरावर चॅरिटी शॉप्स आहेत. लोकांनी आणून दिलेल्या वस्तू, काउंटरवर बहुतेक स्वयंसेवक, आणि विक्रीचा नफा संस्थेच्या कामाला. ऑक्सफॅम ही त्यातली सर्वांत ओळखीची संस्था. 1942 साली ऑक्सफर्डमध्ये, दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसणाऱ्या ग्रीसच्या लोकांसाठी ती सुरू झाली आणि 1951 मध्ये बिहारच्या दुष्काळासाठीही तिने मदत गोळा केली. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितलं, कारण ती दारातच घुटमळत होती.

"ताई, कुणाचं कोण जाणे. गेलेल्या माणसाचंही असेल."

असेलही. आपल्याकडे जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं. जुनं घरातून जातं, विकत घेऊन कुणी आणत नाही. मीही इथे आल्यावर बरेच दिवस बाहेरूनच बघायचे. पण धुऊन, इस्त्री करून, किमतीची चिठ्ठी टाचून नीट टांगलेले कपडे पाहिले की मनातली अढी जाते. निदान माझी गेली.

आणि आज तो कोट मिळाला! लांबून नुसता तपकिरी. हातात घेतला तर त्यात गंजाचा तांबूस, शेवाळी, मधेच एखादा निळा धागा. लोकर आधी रंगवतात आणि मग कातताना रंग मिसळतात, म्हणून एका धाग्यातही अनेक छटा दिसतात. आतल्या पट्टीवर गोल आणि त्यावर क्रूस, हॅरिस ट्वीडची खूण. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या, कातलेल्या लोकरीचं, तिथल्याच लोकांनी आपापल्या घरी मागावर विणलेलं कापड असेल तरच हे नाव लावता येतं. 1993 पासून तसा कायदाच आहे. डाव्या बाहीची कड झिजली होती, तिथे कुणीतरी बारीक टाके घालून चामड्याची पट्टी लावली आहे. किंमत 18 पौंड. त्या हातशिलाईकडे पाहून मला भरून आलं. इतका जपलेला कोट मीही तसाच जपणार.

धाकटीला टोपलीत एक पिशवी सापडली. तान्ह्या बाळाचा पिवळा स्वेटर, पाठ आणि पुढचे भाग झालेले, एक बाही पुरी, दुसरी सुयांवरच अर्धवट. ती तिथेच खुर्चीत बसून टाके मोजू लागली. तेवढ्यात किल्ल्यावरून दुपारी एकला उडवतात ती तोफ झाली. ती दचकली, पण टाका सुटू दिला नाही. काउंटरवरच्या आजीबाई चष्मा लावून तिच्याजवळ आल्या. भाषेची अडचण होती, तरी दोघींनी मिळून विणीचा हिशेब लावला आणि पिशवीतली लोकर पुरेल असं ठरलं.

"घेऊ ना, ताई? ही बाही मी आजच पुरी करते."