गोळी मागायला गेले आणि फाईल घेऊन आले

माझं वय ६४. आईला काचबिंदू होता आणि तो कळला तेव्हा एका डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलीच होती, त्यामुळे मुलगी चार वर्षं मागे लागलेली, आई एकदा तपासून घे, आणि मी म्हणायचे अगं दिसतंय की मला सगळं. गंमत म्हणजे काचबिंदूत हेच होतं, कडेचं कमी होत जातं आणि मेंदू ती जागा आपल्या मनानंच भरून टाकतो, ना दुखत ना खुपत.

गेले तीसुद्धा काचबिंदूसाठी नाही, ल्युटीनची गोळी लिहून घ्यायला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात, पिवळं रंगद्रव्य असतं ते ल्युटीन आणि झियाझँथिनचं, शरीर स्वतः ते बनवत नाही, खाण्यातूनच मिळतं, आणि ते निळा प्रकाश अडवतं, एवढं वाचून ठेवलेलं. ज्यांच्यात हे कमी असतं त्या वयस्क बायकांना काचबिंदूचा धोका जास्त असतो का, असंही काहीतरी वाचलं, म्हटलं गोळी सुरू करू आणि मोकळं होऊ.

त्या दवाखान्यात रंगद्रव्य मोजायचं मशीन होतं. आत एक ठिपका निळा-हिरवा लुकलुकतो, लुकलुकणं थांबलं वाटलं की बटण दाबायचं, आधी सरळ ठिपक्याकडे बघून आणि मग कडेला बघून, दोन्हीतल्या फरकावरून आकडा काढतात. माझा ०.२ च्या आसपास आला, कमीच. मी लगेच, मग द्या गोळी! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काकू, हा आकडा मॅक्युलाचा, काचबिंदू डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा आजार आहे, आईला होता म्हणताय तर आधी नस बघू."

मग सुरू झाली वरात. डोळ्यांचं प्रेशर १७ आणि १८, मी खूश, कारण १० ते २१ नॉर्मल हे मला पाठ होतं. पण नंतर कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली ती निघाली ५०५ मायक्रॉन, साधारण ५४० च्या आसपास असते म्हणे, आणि पातळ असली की मशीन प्रेशर कमी दाखवू शकतं, शिवाय पातळ कॉर्निया हा स्वतःच एक धोका. आणि प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो हे तर मला माहीतच नव्हतं. माझी खुशी दहा मिनिटं टिकली.

सगळ्यात वैताग फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेची नजर तपासण्याचा. एक डोळा झाकून वाटीसारख्या मशीनमध्ये समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि इकडेतिकडे बारीक उजेड चमकला की बटण. मला वाटलं माझे निम्मे सुटले, घाबरून मी न दिसताही दाबत सुटले, आणि रिपोर्टवर आलं भरवशाचा नाही. बाहेर आल्यावर टेक्निशियन मुलगी सांगते, काकू ते मशीन मुद्दामच इतके अंधुक उजेड दाखवतं की बरेचसे सुटणारच. अगं बाई आधी सांगायचंस ना!! दुसऱ्या वेळी शांतपणे केली आणि ती ठीक आली. ज्यांची पहिली खराब येते त्यांनी रडत बसू नका, परत करून घ्या.

ओसीटीमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांच्या स्कॅनमध्ये, मात्र उजव्या डोळ्यात नसेच्या खालच्या बाजूला पिवळा पट्टा दिसला, म्हणजे धागे थोडे पातळ, बॉर्डरलाईन. निदान काय तर "सस्पेक्ट", म्हणजे काचबिंदूचा नुसता संशय. ड्रॉप्स अजून नाहीत, सहा महिन्यांनी परत ओसीटी आणि फील्ड.

गोळीचं विचारलंच मी शेवटी. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिनचा जो मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला तो मॅक्युला झिजण्याच्या आजारावरचा, काचबिंदूवरचा नाही, आणि काचबिंदू रोखायला सिद्ध झालेला उपाय म्हणजे प्रेशर कमी करणं, ड्रॉप्सनी, लेझरनी नाहीतर ऑपरेशननी. रंगद्रव्य कमी आणि नस खराब हे एकाच बाईत दिसलं तरी एकामुळे दुसरं झालं असं होत नाही. पालेभाज्या, मका, अंड्याचा पिवळा बलक खा, थोड्या तेला-तुपासोबत, कारण ल्युटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. गाजराचं विचारलं तर हसल्या, त्यातलं बीटा कॅरोटीन मॅक्युलात साठतच नाही.

हे सगळं मी मोठ्या बहिणीला फोनवर सांगितलं, ती ६९ ची, आई तिचीही तीच. ती म्हणाली मला तर बाई लांबचं पण स्वच्छ दिसतं. पुढच्या महिन्यात मुलगी तिला घेऊन जाणार आहे, बघू येते का.