कोंढवा ते दिल्ली: ‘कॅनडाच्या फाइली’पायी घडलेली वारी

एजंटला पैसे दिले नसते तर ही चक्कर निम्म्या त्रासात झाली असती. म्हणून आधी त्याचंच सांगतो.

शेजारच्या फ्लॅटमधला माझा मित्र अफगाण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यार्थी व्हिसावर पुण्यात आला, ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि परत जायचा विषयच संपला. मार्च २०२५ मध्ये एका एजंटने ‘कॅनडाची फाइल’ करून देतो म्हणून त्याच्याकडून ३५,००० रुपये उकळले. तिकडचे पाच नागरिक मिळून एखाद्या निर्वासिताची जबाबदारी घेतात, अशी योजना खरंच आहे. पण त्या योजनेतले नवे अर्ज घेणं कॅनडाने २९ नोव्हेंबर २०२४ लाच थांबवलं होतं. खिडकी बंद झाल्यावर भल्या माणसाने तिकीट विकलं!

जूनमध्ये दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. एजंट म्हणाला, ‘बघा, कॅनडाने बोलावलं.’ कसलं कॅनडा! भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे अफगाण लोकांची नोंदणी करणं आणि माणूस निर्वासित ठरतो की नाही हे तपासणं, ही कामं इथे यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करते. त्यातलीच ही मुलाखत होती. तिसऱ्या देशात पुनर्वसन ही फार पुढची गोष्ट, आणि त्यासाठी अर्ज करायची सोयच नाही. छळातून वाचलेले, इलाजाविना अडलेले, एकट्या पडलेल्या बायका, धोक्यातली मुलं अशी गरज बघून नावं तेच काढतात. देश आपण निवडायचा नसतो. जगभरातल्या निर्वासितांत शंभरातल्या एकाचाही नंबर वर्षाला लागत नाही. आणि यातल्या कुठल्याही पायरीला एक रुपया लागत नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

झेलम एक्सप्रेसने गेलो. प्रवास ठीक झाला.

खरी खिंड लागली ती तारखांची. जुन्या अफगाण कागदांवर हिजरी सौर वर्ष असतं आणि ते २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. मित्राच्या घरी धमकीची चिठ्ठी आली ती २० जदी १३९९ ला. इंग्रजी वर्ष काढायला एजंटने फॉर्ममध्ये सरसकट ६२१ मिळवले आणि जानेवारी २०२० लिहून मोकळा झाला. पण जदी महिना डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपतो. म्हणजे १ जानेवारीपासूनच्या दिवसांना ६२२ मिळवायचे. खरी तारीख होती ९ जानेवारी २०२१. आत पहिल्या अर्ध्या तासातच प्रश्न आला: धमकी आल्यावर वर्षभर घरीच कसे राहिलात? पोरगा महिन्याभरात देश सोडून निघाला होता आणि कागदावर तेरा महिने निवांत बसलेला दिसत होता. मग तझकिरा (अफगाण ओळखपत्र), चिठ्ठी, पासपोर्टवरचा शिक्का, सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार तासांनी बाहेर आला तेव्हा त्याला धड बोलवत नव्हतं. मी बाहेर उन्हात. सोबत्याला आत घेत नाहीत, तेव्हा टोपी न्या.

तर तारखा स्वतः बदला, दोघांकडून तपासून घ्या, आणि मूळ अफगाण तारीख शेजारी लिहाच. फॉर्ममध्ये चूक झाली असेल तर मुलाखत सुरू होतानाच सांगा, विचारायची वाट बघू नका. दुभाषा दरी भाषेचा हवा की पश्तोचा हे आधी कळवा. बोलणं समजत नसेल तर तिथल्या तिथे थांबवा, भिडेखातर माना डोलवू नका. कुटुंबातलं एकही नाव गाळू नका, दुरावलेल्या भावाचंसुद्धा. पुढे ते नाव निघालं तर खुलासे देता देता नाकी नऊ येतील.

पुढेमागे नाव निघालंच तर तो देश स्वतःची मुलाखत, बोटांचे ठसे, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी करतो. एकाची मुदत संपली की ते पुन्हा. शेवटचा शब्द त्या देशाचाच. आणि भारतातून निघायलाही परवानगी लागते, म्हणून पुण्यातली परदेशी नागरिक नोंदणीची कागदपत्रं एका फाइलीत जपा. व्हिसा संपून गेला असेल तर ते आजच बघायला घ्या, बोलावणं येईपर्यंत थांबू नका.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. आम्ही काढलं होतं. गाडी चुकली, तत्काळचे पैसे वेगळे गेले आणि मित्र फलाटावर बॅगेला टेकून झोपला. दुसरी गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.