कोजागिरी ते अक्षय्य तृतीया: शेजारच्या दारांत शिकलेली रांगोळी

रांगोळीवाल्या मंडळींसाठी ही अर्ध्या वर्षाची नोंद. मी संस्कारभारती पद्धतीचा. खडू आणि दोरीने वर्तुळ आखायचं, चाळणीने रंग पसरायचा, मग पाच बोटांतून पांढरी रेघ सोडायची आणि तिच्यात शंख, गोपद्म, सर्परेषा, शृंखला, केंद्रवर्धिनी गुंफत जायचं. हात त्यात बसला आहे. पण चिन्हं तीच आणि फक्त त्यांच्या जागा बदलत राहिल्या की काढणाऱ्यालाच कंटाळा येतो, आणि मोबाइलवर कितीही व्हिडिओ पाहिले तरी तो जात नाही. माझा गेला तो आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये.

इमारत ठाण्यातल्या वर्तकनगरची, जुनी. पॅसेजला कोटा लादी आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर ज्यांनी रांगोळी काढली आहे त्यांना कोटा लादीचं सुख वेगळं सांगायला नको. गडद, किंचित खरखरीत, रेघ सोडू तिथेच बसते. मजल्यावर चार दारं: आमचं, तमिळ मामींचं, एका बंगाली जोडप्याचं आणि मूळच्या वाईच्या आजींचं. इतकी वर्षं जाता-येता त्यांचे उंबरे बघत होतो. या वर्षी त्यांच्याजवळ बसलो.

आश्विन

कोजागिरीला गच्चीत आपलं दूध आटत असतं, त्याच रात्री बंगाल्यांकडे लक्ष्मीपूजा असते. बौदी, म्हणजे त्यांच्या घरातल्या वहिनी, संध्याकाळपासून अल्पना, म्हणजे त्यांची रांगोळी, काढत होत्या. तांदूळ भिजवून, वाटून पातळ केलेलं पीठ, त्यात बुडवलेला कापडाचा बोळा, तो तळहातात धरून हलकेच दाबायचा आणि अनामिकेवरून उतरणाऱ्या ओघळाने रेघ काढायची. दारापासून देवाच्या जागेपर्यंत लक्ष्मीची पावलं आणि त्यांच्या शेजारी भाताच्या लोंब्या. आपण गौरी आणताना पावलं काढतो, त्यामुळे ती ओळखीची होती. ओळखीची नव्हती ती रेघ. ओली असताना ती जेमतेम दिसते. दहाएक मिनिटांत वाळत जाते तशी पांढरी होत वर येते, आणि बोट जिथे रेंगाळलं तिथे जाड, जिथे पळालं तिथे बारीक असं सगळं तेव्हा दिसतं. आपण कोरड्या रांगोळीत एकसारख्या जाडीच्या रेघेला फार मान देतो. बौदींची लोंबी बघून मी देठाकडे जाड आणि टोकाला निमुळती रेघ मुद्दाम घोटायला घेतली. हात वर-खाली न करता फक्त वेग बदलायचा, एवढंच तंत्र आहे, पण ते हातात यायला दिवाळी उलटून गेली.

मार्गशीर्ष, पौष

डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत तमिळ लोकांचा मार्गळी महिना असतो. या दिवसांत पहाटेचं कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, चुकवायचं नाही असा मामींचा नेम आहे. नळाला पाणी यायच्या आधी त्या पॅसेज पुसून घेतात आणि तांदळाचं पीठ घेऊन बसतात. आधी ठिपके. आपण ‘सात ते चार’ म्हणतो तसेच: मधल्या ओळीत ७, वर आणि खाली ६, ५, ४, प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७. इथवर आपलं आणि त्यांचं सारखंच. मी सवयीने पहिला ठिपका दुसऱ्याला जोडायला गेलो तर मामींनी मनगटच धरलं. “अरे, ठिपक्याला शिवायचं नाही. त्याच्या बाजूने जा, वळसा घाल, पुढे चल.”

हे सिक्कू कोलम. रेघ ठिपक्यांना वळसे घालत, स्वतःलाच ओलांडत जाते आणि निघाली तिथे परत येऊन मिळते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका म्हणजे रेघेचं ठिकाण. कोलममध्ये तो रेघेच्या घरात बसलेला असतो आणि शेवटपर्यंत तसाच मोकळा दिसतो. पहिल्यांदा डोळ्यांना हे झेपत नाही. पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, हे रेघ सोडतानाच ठरवावं लागतं. मामी मात्र आमच्याशी बोलत बोलत काढतात, त्यांची नजर कायम दोन ठिपके पुढे असते.

एका सकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर दुधाची पिशवी घेऊन उतरताना थांबले. मी तेव्हा सोप्या चौकोनी मांडणीचा सराव करत होतो. सगळे ठिपके सरळ रांगांत, शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मधून रेघा एकमेकींना ओलांडतात आणि वळून परत येतात त्या फक्त कडेला. सरांनी ओळी आणि रकाने मोजले आणि विचारलं, “मसावि किती?” ओळींच्या आणि रकान्यांच्या संख्येचा मसावि जेवढा, तेवढ्या वेगळ्या बंद रेघा. ३ ओळी आणि ४ रकाने असतील तर मसावि १, म्हणजे सगळी जाळी एकाच रेघेत पुरी. ३ आणि ३ घेतले तर तीन रेघा. ४ आणि ६ घेतले तर दोन. मी लगेच तिन्ही काढून बघितले. अगदी तसंच येतं. पाचवी-सहावीत पाठ केलेला मसावि लादीवर असा उमटलेला बघून मला जो आनंद झाला तो इथे लिहून दाखवणं अवघड आहे. मामींना विचारलं, तर त्यांच्या आईला कुठल्या मापात रेघ तुटत नाही ते तोंडपाठ होतं म्हणे.

यातूनच माझं या वर्षीचं सगळ्यात आवडतं काम झालं. ६ ओळी, ९ रकाने, मसावि ३. तीन रेघा तीन रंगांत काढल्या: पांढरी, गेरूची आणि हळदीची. कुठला रंग कुठे जाणार हे आपण ठरवायचंच नाही, रेघच ठरवते. करून बघणार असाल तर आधी वहीत पेन्सिलीने तीन रेघा वेगळ्या शोधून घ्या, मग जमिनीवर उतरा. आणि नुसतं तांदळाचं पीठ हातातून गुठळ्या होऊन पडत असेल तर निम्मी पांढरी रांगोळी मिसळा. जांभळी नाक्यावर सुटी मिळते ती चालते, फक्त एकदा चाळून घ्या.

पाडवा

नववर्ष स्वागतयात्रेची चाल डोंबिवलीची, १९९९ सालची. ठाण्यात ती कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाच्या पुढाकाराने निघते. गावदेवी मैदानावरची महारांगोळी बघायला मी दर वर्षी जातो आणि रंगांपेक्षा जास्त वेळ माणसं कशी बसली आहेत ते बघतो, कारण एवढ्या कामात खरी कसोटी बाहेर पडायच्या वाटेची असते. आतून बाहेर यायचं, झालेल्या भागावर परत पाय पडता कामा नये.

आम्ही मित्रांनी आमच्या चौकात छोटी काढली. त्यातला एक मित्र डहाणूचा. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं, तेव्हा वारली चित्रं आपल्याच घरची. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून फिरणारी माणसं, हे त्याने सुचवलं. अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यामुळे कधी रांगोळीला हात न लावलेले शेजारीही बसले आणि माणसं वाढत गेली. गेरूच्या जमिनीवर नुसती पांढरी. रंग भरायचा मोह सगळ्यांना होत होता, मी हट्टाने भरू दिला नाही आणि मला तेच बरोबर वाटतं.

चैत्र

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचा महिना, आणि आजींच्या दारात चैत्रांगण. परंपरेने ५१ चिन्हं सांगतात, पण घरोघरी यादी थोडी बदलते. या वर्षी आजींचे गुडघे साथ देईनात, म्हणून त्या खुर्चीत बसून सांगणार आणि मी काढणार असं ठरलं.

मी सवयीने कडेची वेल धरायला गेलो. आजी म्हणाल्या, “आधी देऊळ काढ. गौरीला बसायला जागा नको का?” मग देवळात झोपाळ्यावर गौर. तिच्या बाजूला सूर्य, चंद्र. शंख, चक्र, गदा, पद्म. तुळशी वृंदावन, गाय-वासरू, कासव, नाग, हत्ती, अंबारी, मोर. फणी, करंडा, आरसा. हे सगळं बोटभर मापात. पाच बोटांची रेघ इथे चालत नाही, अंगठा आणि तर्जनीची चिमूटच हवी. सर्वांत अवघड गेला तो हत्ती. आजींचा हत्ती तीन रेघांत होतो: पाठ आणि सोंड एका दमात, पोट दुसऱ्या, अंबारी तिसऱ्या. त्यांनी तो हवेत बोटाने काढून दाखवला, आणि खुर्चीवरून काढलेल्या त्या रेघेत एवढी खात्री होती की मी हातातली रांगोळी खाली ठेवून आधी हवेतच गिरवत बसलो.

तुळशीशेजारी जागा उरली होती. विचारून बौदींची भाताची लोंबी काढली. आजींनी चष्मा लावून नीट बघितली. “असू दे, धान्यच आहे. वाढवायचं तर वाढव, पण कमी काही करू नकोस.” मग खालच्या कडेला मामींच्या पद्धतीची एकरेघी जाळीची सरळ पट्टी घेतली, ३ ओळींची, रकान्यांची संख्या ३ ने भाग न जाणारी, म्हणजे मसावि १ आणि रेघ कुठे तुटत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पन्ह्याचा पेला हातात धरून त्या जाळीचं टोक शोधत होत्या. मामी आणि बौदी दोघी शेजारी उभ्या होत्या आणि येईल तिला आपापला भाग दाखवत होत्या.

पुढे

चातुर्मासात रोज ३३ गोपद्मं काढायचं व्रत आजी पूर्वी करत. आषाढी एकादशीपासून ती मी त्यांच्या दारात काढणार आहे, चिमटीच्या सरावासाठी त्याहून चांगलं काही नाही. बौदींकडून अल्पनेतल्या शंखलता नावाच्या वेलीचं एक वळण शिकायचं राहिलं आहे. आणि ठिपके तिरके बसवले, म्हणजे ‘सात ते चार’सारखी मांडणी घेतली, तर किती रेघा होतात हे सरांनी आणि मी वहीत मांडायला घेतलं आहे. कुणी ते आधी करून बघितलं असेल तर सांगा. शिवाय तुमच्या आजीच्या, काकूंच्या चैत्रांगणात आमच्या यादीबाहेरचं एखादं चिन्ह असेल तर ते कसं काढतात, पहिली रेघ कुठून सुरू होते, तेवढं जरूर कळवा.