आधी बॉलपेन, मग टॅब्लेट

डिझाइनच्या वर्गात कागद आधी की स्क्रीन, यावर वाद घालत बसण्यापेक्षा कोणतं काम कुठे करायचं ते ठरवून टाकलेलं बरं. कल्पना शोधायच्या त्या कागदावर. ए४ कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात. वीस मिनिटांत आठही भरायच्या, त्याही बॉलपेननं. पेन्सिल आली की खोडरबर येतो आणि पहिलीच चौकट गोंजारण्यात वेळ जातो. टॅब्लेटवरचा अनडू हाही खोडरबरच, फक्त जास्त चपळ. चुकलेली रेघ कागदावर राहिली तर पुढची तिच्याकडे बघून मारता येते.

टॅब्लेट दिल्यावर ब्रशचं स्मूदिंग शून्यावर ठेवायला लावा. ते वाढवलं की रेघ गुळगुळीत दिसते, पण हात मनगटातून हलतोय की खांद्यातून, हे झाकलं जातं. लांब रेघ खांद्यातूनच यावी लागते. मनगटातून मारली की तिला बाक येतो. झूमवरही लक्ष ठेवा. ४०० टक्क्यांवर किटलीचा कान सुरेख निघतो, आणि पूर्ण चित्र पाहावं तर तो किटलीहून मोठा!

सगळ्यात जास्त चुका लंबवर्तुळात. पेला उभा असो वा आडवा, लंबवर्तुळाचा लघुअक्ष (आखूड अक्ष) पेल्याच्या मध्यरेषेवरच पडायला हवा. उभ्या पेल्याकडे वरून पाहिलं तर तळाचं लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त उघडं, म्हणजे जास्त गोल दिसतं. थ्रीडी सॉफ्टवेअर हे आपोआप करून देतं, म्हणून तिथे ते कुणाच्या नजरेतच भरत नाही. आधी हातानं काढून घ्या, मग त्यावर थ्रीडी दंडगोल ठेवून ताडून पाहा. कॅमेऱ्याचा कोन मात्र फार रुंद नको, नाहीतर बरोबर चित्रही चूक वाटेल.

कागदावरून स्क्रीनवर जाताना बराच बिघाड होतो. फोन तिरका धरला की चौकोनाचा समलंब होतो, अगदी जवळ धरला की काठ बाकतात. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. ए४ चे २४८० × ३५०८ पिक्सेल होतात. लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) कागदाचा करडेपणा घालवा, गिरवण्यासाठी चित्र फिकट व्हावं म्हणून त्याची अपारदर्शकता २०-३० टक्क्यांवर आणा, त्याचा लेयर (थर) लॉक करा.

आता ऑटो ट्रेसचा, म्हणजे सॉफ्टवेअरकडूनच रेघा गिरवून घ्यायचा, मोह होतो. त्यात बहुधा एका रेघेच्या दोन्ही कडा वेगळ्या गिरवल्या जातात आणि अँकर पॉइंटांचा (रेघेला आकार देणाऱ्या बिंदूंचा) चिवडा होतो. पेन टूलनं, म्हणजे असे पॉइंट मांडून रेघ काढायच्या साधनानं, स्वतः गिरवताना वर्तुळाला चार पॉइंट पुरतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पॉइंटातून निघणारी हँडल (वक्राला वळण देणाऱ्या दांड्या) आडवी किंवा उभी ठेवायची. वक्राला मध्येच पोक आला, तर तिथे एखादा पॉइंट जास्तीचा असतो. तो काढून बघा, मगच हँडल ओढा.